विहिरीतले फोटो आणि गफूरभाईंचा उजवा कान

"दारात एवढो मोठो दर्यो आसा, नि तू बावीत उडी मारूक त्या मुलखात जातलंस?" मी पिशवी भरत होते तेव्हा आईनं विचारलं. बरोबरच होतं तिचं. मालवणची बाई विहिरीत उतरायला बुलढाणा जिल्ह्यात निघालीय, हे ऐकून आमच्या वाडीतले सगळेच हसले.

गेली बारा वर्षं मी तारकर्लीच्या समुद्रात हौशी लोकांना एका श्वासावर बुडी मारायला शिकवते. ह्याला हल्ली सगळे फ्रीडायव्हिंग म्हणतात. पाठीवर सिलिंडर नाही, तोंडात नळी नाही, छातीत भरून घेतलेली हवा तेवढी आपली. त्यातच पुण्याचा निखिल नावाचा फोटोग्राफर भेटला आणि पाण्याखाली फोटोसाठी उभं राहायचं वेड मला चाळिशीत लागलं. बघणाऱ्याला ते सुखाचं वाटतं. प्रत्यक्षात डोळ्यांवर चष्मा नसतो, त्यामुळे समोरचं सगळं धुरकट. गाल फुगवायचे नाहीत, भुवया वर न्यायच्या नाहीत, बोटं सैल सोडायची. जीव घाबराघुबरा झाला तरी चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, एवढीच काय ती त्यातली विद्या.

निखिलला समुद्राचा कंटाळा आला होता. त्याला जुनी, दगडी बांधणीची विहीर हवी होती आणि पिंपळगाव राजाजवळच्या एका शेतात ती त्याला सापडली होती. जानेवारीत तिचं पाणी नितळ असतं म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. अशा वेळी मी विचार करत नाही, हा माझा जुना दोष आहे.

नांदुरा

स्टेशनाबाहेर आम्हाला घ्यायला गफूरभाई आले होते. साठीचे, काटक, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. छोट्या टेम्पोत मागे एक जळकी मोटार आणि पाइपांची भेंडोळी. शेतातल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. कुणाची मोटार दोर तुटून विहिरीत पडली, तर बुडी मारून तिला दोर बांधायला पंचक्रोशीत त्यांनाच बोलावतात. म्हणजे तीस वर्षं हा माणूस एका श्वासावर पाण्यात उतरत होता आणि त्याला काही नाव असतं हे त्याला माहीतही नव्हतं. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

टेम्पोत मी त्यांच्या डाव्या हाताला बसले आणि बडबड सुरू केली. ते नुसते समोर बघत होते. मला वाटलं, माणूस आढ्यताखोर दिसतो. थोड्या वेळानं त्यांनीच डाव्या कानावर बोट ठेवलं. "ताई, जोरात बोला. तिकडची खिडकी बंद हाये."

आमच्याकडे रस्ता म्हणजे चढ, उतार आणि प्रत्येक वळणावर कुणाचं तरी अंगण. इथं काळी सपाट जमीन लांबवर पसरलेली, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मधेमधे शेंगांनी वाकलेली तूर. आडोसा कुठे नाहीच. पहिला अर्धा तास मला ते उघडं वाटलं, मग मोकळं वाटायला लागलं.

पिंपळगाव राजा, पहिला दिवस

विहीर इंगळेकाकूंची. काकू पूर्वी अंगणवाडीत होत्या, आता चार एकर शेती एकटीनं बघतात. "जय भीम" म्हणून त्यांनी आम्हाला घरात घेतलं, पाण्याचा तांब्या दिला आणि लगेच पाटावर बसवलं. दोन दिवस मासळीशिवाय तोंड पाडून जेवावं लागणार अशी माझी तयारी होती. पण ओल्या तुरीच्या दाण्यांना तिकडे सोले म्हणतात, त्यांची वांगं घालून केलेली झणझणीत भाजी आणि ज्वारीची भाकर समोर आली आणि मी मासळी विसरले. ठेच्याचा पहिला घास घेतला तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "पान्यातल्या बाईले पानी आलं."

विहीर बघताच निखिलनं कॅमेरा बाहेर काढला. काळ्या घडीव दगडांची, अर्ध्यापर्यंत पायऱ्या, खाली तीसेक फूट पाणी. हिरवट, पण इतकं स्वच्छ की पंपाचा पाइप आत उतरत गेलेला दिसत होता.

मग मी फजिती करून घेतली. खारं पाणी माणसाला वर ढकलतं, म्हणून समुद्रात कमरेला शिशाचा पट्टा बांधावा लागतो. गोड्या पाण्यात तेवढं वजन लागत नाही. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. आणि स्वतः मात्र घरून आणलेला पट्टा जसाच्या तसा बांधून विहिरीत उतरले. तोल सावरायच्या आत तळाला गेले, गाळात बसले आणि सगळी विहीर गढूळ करून वर आले. त्या दिवशीचे फोटो तिथंच संपले. पायरीवर बसलेल्या गफूरभाईंनी मला हात दिला. "गोडं पानी हाय हे ताई. हे कोणाले धरत नाही." हसले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

संध्याकाळी त्यांच्या दुकानात चहाला गेलो. एक शेतकरी मोटार घेऊन आला होता. गफूरभाईंनी ती चालू केली, पेचकसाचं टोक तिच्या अंगावर टेकवलं आणि मूठ उजव्या कानाला लावली. डोळे मिटले. दोन मिनिटांनी म्हणाले, "वाइंडिंग चांगली हाये. बेरिंग घासून राह्यली, मागची." उघडून पाहिलं तर मागचीच. मोटार न उघडता दोष सांगतात म्हणून नांदुऱ्याकडून सुद्धा लोक येतात, असं तो शेतकरी मला कौतुकानं सांगत होता.

मग पाहुण्यांच्या करमणुकीसाठी त्यांनी एक खेळ दाखवला. बिडीचा झुरका घेतला, तोंड बंद केलं, नाक चिमटीत धरलं आणि डाव्या कानातून धुराची बारीक रेघ बाहेर आली. दुकानातले सगळे हसले. निखिलनं टाळ्या वाजवल्या. मला हसू येईना. कानातून धूर येतो म्हणजे कानाच्या पडद्याला भोक असतं.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"आठ-नऊ सालं झाली. खोल विहीर होती. कानात फट्ट वाजलं, अंदर गरम गरम वाटलं, मंग वर कुठं अन खाली कुठं हेच समजे ना. मोटार काढली पण."

"आणि उजवा?"

"उतरलो का दोन दिवस ठणकते. मंग राहते आपोआप. तेलाचा कापूस घालतो ना मी."

कापसाच्या मुलखातला माणूस. आजारावर, जखमेवर, दिव्यात, सगळीकडे कापूस. तसा पाण्यात जाताना कानातही. मी त्यांना समजावून सांगितलं, की बोळा घालून काही होत नाही, उलट त्रास वाढतो. खाली जाताना पाणी कानाचा पडदा आत दाबतं, तेव्हा नाक धरून आतून कानाकडे हवा ढकलायची, म्हणजे दोन्हीकडचा जोर सारखा होतो. त्यांनी लगेच करून पाहिलं. डावीकडून नुसती हवा फुसफुसली. उजवीकडची वाट उघडलीच नाही. तीन-चार वेळा केलं तरी नाही. म्हणजे इतकी वर्षं तो एक कान प्रत्येक बुडीला नुसता मार खात होता, आणि त्याच कानावर ह्या माणसाचं दुकान चाललं होतं.

अडचण अशी, की निखिलनं दुपारीच त्यांना फोटोसाठी विचारलं होतं. झटकन खाली जायला ते नेहमी धरतात तसा छातीशी धोंडा धरून तळाकडे निघालेले गफूरभाई आणि मागे मी. त्यांनी आनंदानं हो म्हटलं होतं.

"उद्या तुम्ही उतरायचं नाही," मी म्हणाले.

"काऊन?"

"हा कानही जाईल."

"गेला त जाईल. फोटो त निघन." मग जरा थांबून, बिडी विझवून म्हणाले, "तीस सालापासून हे काम करतो, ताई. माह्या घरच्याईनं कधी पाह्यलं नाही. वरतून काय दिसते? माणूस गेला, बुडबुडे आले, माणूस आला. खाली मी काय करतो ते कोणाले दाखवता येते का?"

मी तरी दुसरं काय करत होते? आई अजून समजते की मी पाण्यात जाऊन पाहुण्यांबरोबर खेळते. फोटो दाखवले तेव्हा कुठे ती एकदा गप्प झाली होती.

तरी मी हट्ट सोडला नाही. ते उतरले तर मी उतरणार नाही, असं निखिलला सांगून टाकलं. तो चिडला. "अगं, तू परवा निघून जाशील. पुढच्या आठवड्यात कुणाची मोटार पडली की ते उतरणारच आहेत. आपल्या एका बुडीनं काय फरक पडतो?" त्याचं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. शेवटी ठरलं, की गफूरभाई वर थांबतील. माझ्या मनगटाला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक त्यांच्या हातात. मी दोनदा ओढलं की त्यांनी मला वर घ्यायचं. त्यांनी मान डोलावली, पण चेहरा उतरलेला होता. एखाद्या पट्टीच्या पोहणाऱ्याला काठावर कपडे सांभाळायला बसवावं, तसं मी त्यांचं केलं होतं.

दुसरा दिवस

ऊन पाण्याच्या तळापर्यंत पोचतं ते बाराच्या सुमाराला, अर्धा तास. सकाळीच गफूरभाईंनी मोटारीचा फ्यूज काढला आणि सुतळीत ओवून स्वतःच्या गळ्यात घातला. विहिरीत माणूस असेपर्यंत तो गळ्यातून काढायचा नाही, ही त्यांची पद्धत. काकूंनी फोन करून ह्याच विहिरीचं पाणी घेणाऱ्या शेजाऱ्याला सांगितलं, की आज हरभऱ्याला पाणी उशिरा.

निखिलनं खास पाण्यात वापरायला शिवलेला पांढरा झगा आणला होता. मी तो घालून पायऱ्यांवर आले तर काकूंनी वाटच अडवली. "हे नाही चालाचं."

"का हो काकू?"

"रस्त्यानं जाणाऱ्याले विहिरीत पांढरं कापड दिसलं का तो धावतच येते. इथं विहिरीत कापड दिसणं म्हणजे काय असते, ते तुमाले नाही माहीत, पोरी." त्यांचा आवाज खाली आला होता. गफूरभाईंनीही नजर फिरवली. त्यांनी विहिरींतून काढल्या त्या फक्त मोटारीच नव्हत्या, एवढं मला तेव्हा कळलं, आणि मी पुढं विचारलं नाही.

काकूंनी घरून स्वतःची हिरवी सुती साडी आणून दिली. जाड, लाल काठाची. पोहायच्या कपड्यांवर मी ती घट्ट नेसले, सुटू नये म्हणून चार ठिकाणी पिना लावल्या. सहावारी साडी नेसून पंपाच्या पाइपाजवळ जायचं नसतं, हे कळायला शिकवणी लागत नाही. मला कळत होतं. पण त्या हिरव्या पाण्यात तो पदर कसा उघडेल ते मला नेसतानाच दिसायला लागलं होतं आणि मोह आवरला नाही. पुढचं सगळं त्या मोहामुळं झालं, दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

निखिल सिलिंडर लावून तळाला बसला होता, कॅमेरा वर करून. मी पाच बुड्या मारल्या. फार सुंदर झाल्या. सहाव्यांदा वीसेक फुटांवर मी अंगाला एक गिरकी दिली, पदर मागून वळून गेला आणि पाइपाच्या पट्टीला बाहेर आलेला बोल्ट होता, त्यात अडकला.

मी ओढला. तो अधिकच आवळला. पिनांकडे हात नेला तर ओल्या सुती कापडात पीन काही उघडेना. छातीनं पहिला आचका दिला. म्हणजे अजून वेळ असतो, मी शिष्यांना नेहमी सांगते, घाबरू नका, अजून वेळ असतो. मी निखिलला हातानं खूण केली. त्याच्या बाजूनं मी उन्हात काळी दिसत होते, आणि बारा वर्षांच्या सवयीनं माझा चेहरा शांत होता, बोटं सैल होती. तो फोटो काढत राहिला. खरं सांगते, तेव्हा मला आई आठवली नाही, देव आठवला नाही. निखिलचा भयंकर राग आला फक्त.

मी दोर दोनदा ओढला. गफूरभाईंनी वरून ओढून पाहिला असणार आणि मी अडकलेय हे त्यांच्या हाताला कळलं असणार. पुढच्या क्षणी वरचा उजेड फुटला आणि ते आले. छातीशी धोंडा, डोळे गच्च मिटलेले, कानात कापूससुद्धा नाही. माझ्याशेजारी आल्यावर त्यांनी धोंडा सोडला आणि पाइप चाचपला. ती पट्टी त्यांनीच बसवलेली होती. बोल्ट कुठल्या बाजूला आहे, कसा वाकलाय, हे त्यांना हातानंच माहीत. पदर एकदा उलटा फिरवला आणि मी सुटले.

मी वर झेपावले, आणि बघते तर ते माझ्याबरोबर नव्हते. तोंड फिरवून ते खाली निघाले होते. वर कुठं अन खाली कुठं. मी परत वळून त्यांच्या बनियनला धरलं आणि काकूंनी वरून धरलेल्या दोराच्या आधारानं दोघं वर आलो. कसे आलो ते मला नीट आठवत नाही.

पायरीवर त्यांनी ओकारी काढली. गळ्यातला फ्यूज तसाच होता. उजव्या कानातून लालसर पाण्याची बारीक धार मानेवर उतरत होती. काकू त्यांची पाठ चोळत रडत होत्या. "माह्या साडीनं केलं, माह्या साडीनं." ते हाताच्या खुणेनं त्यांना गप्प करत होते, आणि मला दिसलं, की काकू काय म्हणताहेत ते त्यांना कळतच नव्हतं.

खामगाव

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा पडदा फाटलाय. तीन महिने कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. आपला आपण भरून येईल कदाचित, नाही आला तर पुढं पाहू. ऐकू किती येईल हे आज सांगता येणार नाही. विहिरीत उतरणं मात्र कायमचं बंद. हे सगळं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, कारण सांगून उपयोग नव्हता. गफूरभाईंनी कागद वाचला, चौघडी घालून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "साडी फाटली नाही ना?"

रात्रीच्या आत आम्ही त्यांना घरी पोचवलं. त्यांच्या बायकोला, रजियाभाभींना, निखिलनं सगळं सांगितलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी नीट बोलू शकलेला नाही. मग गफूरभाईंनीच त्याला कॅमेरा दाखवायची खूण केली. तो फोटो निघाला होता. धोंडा छातीशी धरून खाली येणारा माणूस, वरून ऊन, बाजूला हिरवा पदर. असा फोटो निखिलनं आजवर काढलेला नाही, पुढंही काढेलसं वाटत नाही. पण त्यातला चेहरा वेदनेनं पार वाकडा झालेला होता, दात विचकलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या.

भाभींनी पुष्कळ वेळ बघितलं. मग नवऱ्याकडे वळून मोठ्यानं विचारलं, "हर बार ऐसाच मुँह होता था क्या?"

गफूरभाईंना तीस वर्षं जे दाखवायचं होतं, ते हे नव्हतं.

"ये हमको दो," भाभी निखिलला म्हणाल्या. "बडा करके दो. फिर कभी पानी में जाने का नाम लिया तो येच दिखाऊँगी."

पुन्हा नांदुरा

नको नको म्हणत असताना ते स्टेशनवर पोचवायला आले. टेम्पो त्यांच्या पुतण्यानं चालवला. कानाला पट्टी, डोक्याला मफलर, हातात काकूंनी दिलेली तुरीच्या शेंगांची पिशवी. निखिल पाण्याची बाटली आणायला गेला आणि फलाटावर आम्ही दोघंच उरलो.

आदल्या दिवसापासून मी एक वाक्य मनात घोळवत होते. ते हळू आवाजात बोलायचं वाक्य होतं. माफी कुणी चारचौघांत मोठ्यानं मागत नाही, निदान आमच्या घरी तरी नाही. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे."

"काय?"

मी जरा मोठ्यानं म्हणाले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. समजलं नाही. बाकावर बसलेली दोन माणसं आमच्याकडे बघायला लागली. मला वाटलं, राहू दे, पत्रात लिहू. मग माझीच मला लाज वाटली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी होता नव्हता तेवढा श्वास भरून घेतला आणि ओरडले, "माझ्यामुळं गेला तुमचा कान, गफूरभाई."

सगळा फलाट वळून बघू लागला. चहावाला किटली धरून थांबला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसायच्या भानगडीत पडले नाही.

गफूरभाईंनी शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली.

"हाव, आता आलं आयकू," ते म्हणाले. "फोनवर पन एवढ्यानंच बोलत जा."